जहाजाचा डबा

फणसवाडीतल्या त्या दोन खोल्यांत मोहरी एका दाढीवाल्या खलाशाकडे असे आणि जिरं हरणाकडे. हळद असे ती आरामखुर्चीत बसलेल्या, पायाशी कुत्रा घेतलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याकडे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा आक्का आतून म्हणाल्या, "बाळ्या, म्हातारा संपत आलाय हो," आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. सर भात कालवता कालवता म्हणाले, "हळद संपलीय. उद्या आणतो."

सर आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि मी मराठी. आक्का ही त्यांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, म्हणून त्या माहेरी परत आल्या. सरांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे त्यांना विचारायची स्टाफरूममध्ये कोणाची प्राज्ञा नव्हती, मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरात फळ्या कमी आहेत, बाई."

त्या फळ्यांवर पाइपच्या तंबाखूचे डबे होते. पत्र्याचे, विलायती, काही गोल, काही चपटे, काही खिशात बसावेत म्हणून अंगाला किंचित बाक दिलेले. सर स्वतः कधी पाइप ओढत नसत. त्यांना दमा होता. उदबत्तीचा धूरसुद्धा सोसत नसे, गणपतीत आरती चालू झाली की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि तिथून टाळ्या वाजवायचे. तरी शाळेतली मुलं त्यांना 'पाइप सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "नाव चुकीचं आहे, पण ऐटबाज आहे. राहू दे."

त्यांना हवं असायचं ते डब्यावरचं चित्र. नुसतं चित्र नव्हे, सगळा साज: कडेची सोनेरी वेलबुट्टी, अक्षरांच्या मागे पाडलेली लाल सावली, कोण जाणे कुठल्या प्रदर्शनात मिळालेल्या पदकांची रांग, आणि तळाशी, जिथे कोणी बघत नाही तिथे, धुराड्यांसकट काढलेला इवलासा कारखाना. "हे बघा," ते बोटाच्या नखानं दाखवायचे, "कारखान्यासमोर घोडागाडी आहे. गाडीवानाच्या हातात चाबूक आहे. हा चाबूक कुणासाठी काढला असेल? गिऱ्हाईक तर चष्मा लावूनही बघणार नाही." मग डब्याचं झाकण उघडून माझ्या नाकाशी धरायचे. आत मोहरी असली तरी मोहरीच्या खाली एक जुना वास असे, गुळाचा, सुक्या अंजिराचा, ओल्या लाकडाचा. त्या वासानं मात्र सरांना कधी खोकला आला नाही.

एकदा कोणा पालकानं तक्रार केली की ड्रॉइंगच्या कपाटात तंबाखूचे डबे ठेवलेत. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, तणतणतच स्टाफरूममध्ये आल्या.

"सर, कपाटात तंबाखूचे डबे आहेत म्हणे?"

"आहेत."

"शाळेत?"

"रिकामे आहेत, बाई. म्हणजे तसे रिकामे नाहीत. खडू आहेत, खोडरबरं आहेत, एकात टाचण्या आहेत."

"अहो, पण वर तंबाखूचं नाव आहे ना!"

"नावाचं सोडा. नावाखाली कोळी आहे, तो बघा."

आणि त्यांनी तो डबा मोठ्या बाईंच्या पुढ्यात ठेवला. डोक्यावर मेणकापडाची टोपी घातलेला, जाळं खांद्यावर टाकलेला कुठल्यातरी थंड देशातला कोळी. मोठ्या बाई आधी रागानं बघत होत्या, मग नुसत्या बघत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "ह्याचा ओठ गालावर का आलाय?"

सरांचा चेहरा असा फुलला की मी तो अजून विसरलेले नाही. "बरोबर बघितलंत! पत्र्यावर एकेक रंग वेगळा छापतात. पिवळा वाळला की मग लाल, मग निळा. लाल छापताना पत्रा केसभर सरकला. त्या दिवशी छापणाऱ्याच्या घरी काहीतरी झालं असणार, बघा. त्याचं लक्ष नव्हतं." हा कोळी सरांचा फार लाडका होता. सगळं जिथल्या तिथे छापलेल्या डब्यांविषयी ते आदरानं बोलत. कोळ्याविषयी मात्र घरच्या माणसाविषयी बोलावं तसं.

निकाल असा लागला की डबे राहू द्यायचे, पण ब्राउन पेपरचं कव्हर घालून. सरांनी एका शनिवारी बसून सगळ्या डब्यांना कव्हरं घातली आणि प्रत्येक कव्हराला चित्रापुरती एक खिडकी कापली. नावं झाकली गेली आणि खिडक्यांतून कोळी आणि त्याचे सोबती बाहेर बघत राहिले. मोठ्या बाईंनी कपाट उघडलं, बघितलं आणि बंद केलं.

ते भाबडे नव्हते, हे सांगायला हवं. माझ्या यजमानांनी एकदा त्यांना जरा खोचूनच विचारलं, की या तंबाखूनं किती माणसं गेली असतील आणि तुम्ही तिच्या डब्यांची पूजा करता. सर म्हणाले, "हल्ली पाकिटावर सडलेल्या घशाचा फोटो असतो. तो खरा आहे, असायलाच हवा. हे चित्र खोटं बोलतं. पण किती मन लावून खोटं बोललंय, ते मला बघावंसं वाटतं. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही."

डबे मिळवायची त्यांची रीतही न्यारी होती. चोरबाजारात ते जात, पण तिथला आनंद त्यांना अर्धाच वाटे. त्यांना डबा जिवंत हातातून हवा असे. दादरच्या पारशी कॉलनीत एक वृद्ध गृहस्थ होते, अजून नेमानं पाइप ओढणारे. सर दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसत. त्या धुरात खोकत, डोळे पुसत, बुद्धिबळाचा एक डाव खेळत आणि येताना टेबलावरच्या डब्यात डोकावून येत. सोमवारी स्टाफरूममध्ये आम्ही विचारायचो, "काय सर, कुठवर आलं?"

"अर्ध्याच्या खाली. पण पाहुणे आले होते म्हणून. एरवी माणूस फार जपून ओढतो."

मग त्या गृहस्थांना डॉक्टरांनी पाइप बंद करायला सांगितलं. डबा पाव भरलेला. ते सरांना म्हणाले, "अरे मास्तर, लई जा नी! टोबॅको साथे लई जा!" सरांनी घेतला नाही. मला हे सांगताना ते जवळजवळ रागावले होते. "अहो, उरलेल्या तंबाखूसकट कसा आणू? त्यांना अजून वाटत असेल, की आपण बरे होऊ आणि ओढू. तेवढी आशा त्या डब्यात आहे." ते शनिवारी जात राहिले. डाव तसाच चाले, धूर तेवढा नसे. डबा शेवटपर्यंत त्यांनी मागितला नाही, आणि ते गृहस्थ गेल्यावर त्यांच्या भाचीनं तो कुठे टाकला, तेही विचारलं नाही. मला वाटतं, तोवर ते डब्यासाठी जात नव्हते.

पण या सगळ्या डब्यांच्या आधीचा एक डबा होता. तो त्यांच्या वडिलांचा. वडील गोदीत कारकून होते. कुठल्याशा बोटीवरच्या अधिकाऱ्यानं रिकामा झालेला डबा त्यांना दिला आणि ते त्यात शर्टाच्या कॉलरची बटणं ठेवू लागले. गोल, उंच डबा. त्यावर शिडांचं जहाज, मागे दीपस्तंभ, आणि धक्क्यावर हात वर केलेला एक माणूस, पाठमोरा. सर म्हणायचे, "मी चित्र काढायला शिकलो ते त्या डब्यावरून. आमच्या घरात दुसरं चित्रच नव्हतं. देव होते, पण देवांकडे टक लावून बघायची भीती वाटायची."

हा डबा मी कधी पाहिला नाही. म्हणजे पाहिला, रोज हाताळला, पण त्याच्यावरचं चित्र पाहिलं नाही. कारण मी त्या शाळेत लागायच्या आधीच आक्कांनी तो घासला होता.

झालं ते असं. दिवाळीच्या आधी फळीवरचे सगळे डबे उतरवून घासायचे, ही आक्कांची रीत. सरांचे डबे त्यातून वगळलेले असत; ते सर स्वतः मलमलीच्या ओल्या फडक्यानं पुसत आणि ते फडकं खिळ्याला वेगळं टांगून ठेवत. त्या वर्षी सर ग्रेड परीक्षेच्या सुपरव्हिजनला बाहेरगावी गेलेले. आक्कांनी वडिलांचा डबा हातात घेतला, तर बुडाशी गंज दिसला. त्या घाबरल्या. गंज पत्रा खात जातो. आज बूड, उद्या डबाच जायचा. वडिलांची तेवढीच एक वस्तू उरलेली. त्यांनी तो सोड्याच्या कढत पाण्यात भिजत घातला आणि सकाळी काथ्या आणि विटकरीची पूड घेऊन बसल्या. सर परत आले तेव्हा डबा फळीवर चांदीसारखा चमकत होता. जहाज गेलं होतं, दीपस्तंभ गेला होता, हात वर केलेला माणूस गेला होता.

"तो काही बोलला नाही गं," आक्का मला सांगायच्या. "ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता बघत बसला, आणि मग म्हणाला, गंज गेला हो सगळा."

डबा सरांनी होता त्याच जागी ठेवला, अगदी समोर. कोणी विचारलं तर म्हणत, "हा आक्काच्या हातचा." आवाजात राग नसे, पण तो कोरा डबा रोज सकाळी चहा करताना आक्कांच्या डोळ्यांसमोर असे, आणि तो तिथे ठेवणाऱ्यालाही ते माहीत होतं. दोन खोल्यांत राहणाऱ्या दोन माणसांमध्ये ती एक गोष्ट अडकून बसली होती. त्यावरून भांडण होई ते भलत्याच मुद्द्यावर. सर म्हणत, चित्रातलं जहाज बंदरात येत होतं. आक्का म्हणत, जात होतं.

"शिडं फुगलेली होती, आक्का. आत येणारं जहाज होतं."

"शिडं फुगवून काय फक्त घरीच येतात होय रे? तो माणूस निरोप देत होता."

"स्वागत करत होता."

"मेल्या, तू तेव्हा एवढासा होतास. तुला काय आठवतंय?"

सरांनी ते चित्र पुन्हा काढायचा किती वेळा प्रयत्न केला. मी कागद पाहिलेत. पाणी जमे, दोरखंड जमत, दीपस्तंभही जमे. जहाजाचं तोंड कुठे वळवायचं, इथे हात थांबे. सगळे कागद तिथेच सोडलेले.

मग एक दिवस आक्कांनीच तो डबा फळीवरून काढला, त्यात मेतकूट भरलं आणि सरांच्याच हाती माझ्यासाठी पाठवून दिला. "ह्याच्यावर चित्र नाही," त्या म्हणाल्या म्हणे, "तेव्हा हा तरी माझ्या कामाचा." स्टाफरूमच्या टेबलावर मी डबा ठेवला, तेव्हा सरांनी तो सहज हातात घेतल्यासारखा घेतला, कडेला पडलेला एक पोचा बोटानं चाचपला आणि डबा अर्धवट फिरवून पुन्हा ठेवला. नंतर कळलं, पोच्याच्या उजवीकडे चित्राचा मधला भाग होता. जहाज त्यांनी स्वतःकडे करून ठेवलं होतं.

आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. मी नारळाच्या वड्या भरून तो परत केला, आक्कांनी पुन्हा मेतकूट धाडलं, मी हिंदमाताच्या कापडबाजारामागे राहत होते तेव्हाही आणि नंतर घर बदलल्यावरही. फणसवाडी ते दादर असा तो डबा वर्षानुवर्षं जात-येत राहिला. सर निवृत्त झाले, मीही झाले. तरी डबा आणायला किंवा पोचवायला म्हणून जाणं होई.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरांच्या डोळ्यांना ते झालं. दृष्टीचा मधला भाग जातो आणि कडा तेवढ्या शिल्लक राहतात, असा एक आजार असतो. औषधानं जाणं थांबलं नाही. ते हसून म्हणायचे, "काठ दिसतात, मधलं अंग दिसत नाही. मला हिंदमाताला साडी घ्यायला न्या, फसणार नाही." पण एकदा मी गेले तर ते फळीसमोर उभे होते. म्हातारा हातात घेऊन मान तिरकी करत होते, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला गाठायला बघत होते. मग डबा ठेवून देत म्हणाले, "आता सगळेच आक्काच्या हातचे झाले."

आक्का आत चहा गाळत होत्या. त्यांनी ऐकलं. गाळणं थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून आक्कांनी एक नवं काम अंगावर घेतलं. दिवेलागणीच्या आधी, उजेड असेतोवर, एकेक डबा घेऊन बसायच्या आणि त्याच्यावर काय आहे ते सरांना सांगायच्या. सुरुवातीला फार वाईट सांगत.

"एक माणूस आहे. टोपी आहे."

"टोपी कसली?"

"टोपीसारखी टोपी."

"आक्का, तिला कड आहे का? कड वर वळलीय की खाली? सावली नाकावर पडलीय की गालावर?"

"थांब रे जरा. चष्मा पुसू दे." मग बऱ्याच वेळानं, "अरे, ह्याला एक कानातलं आहे! इतकी वर्षं ह्याच्यातली मोहरी काढतेय मी, आणि मेल्याचा कान कधी बघितला नाही."

सर मोठ्यानं हसत. हळूहळू आक्कांना सांगता येऊ लागलं. घोडागाडीचा चाबूक त्यांनी आपणहून सांगितला. कोळ्याचा ओठ सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला. मी जाई तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकत असे. जन्मभर मुलांना वर्णनात्मक निबंध शिकवले, पण मी आक्कांच्या सांगण्यात एका शब्दाचीही भर घातली नाही. ते दोघांचं होतं.

अशाच एका संध्याकाळी मी वड्या भरून जहाजाचा डबा परत आणला होता. आक्कांनी वड्या काढून घेतल्या. सर म्हणाले, "तो रिकामा झाला का? दे इकडे." चाचपून पोचा शोधला आणि डबा पुन्हा आक्कांच्या हातात दिला. "आता हा सांग."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोऱ्या पत्र्यावर नजर लावली आणि सांगायला लागल्या.

"जहाज आहे. तीन डोलकाठ्या. मधली उंच, तिच्यावर निशाण, निशाणाचा रंग उडालेला. पाणी हिरवं, निळं नव्हे. डावीकडे दीपस्तंभ, त्याला पांढरे-तांबडे पट्टे. खाली धक्का. धक्क्यावर माणूस पाठमोरा, कोट घातलेला. कोटाची मागची बाजू चुरगळलीय, अण्णांच्या कोटासारखी. हात वर केलाय."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

"आणि जहाज?" सरांनी विचारलं. "येतंय की जातंय?"

आक्कांनी डबा मांडीवर घेतला. "येतंय," त्या म्हणाल्या. "तू म्हणायचास तेच खरं. येतंय."

सरांनी मान हलवली. "नाही गं. मीच विचार करत होतो. तू सकाळी अण्णांना डबा भरून द्यायचीस, ते जिना उतरताना तू बघायचीस. मी संध्याकाळी जिन्यात बसून वाट बघायचो. मला ते येतानाच दिसायचे. तू मोठी होतीस. तुला जास्त आठवत असणार. जातच असेल."

"येतंय म्हटलं ना!" आक्का ओरडल्या. "गप बस आता. जन्मभर भांडलास, आता ऐकून घे."

मग सर माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या थोडं बाजूला बघत म्हणाले, "अहो बाई, तुम्ही काय अशाच जाणार? आक्का, बाईंना मेतकूट दे की. डबा का अडवून ठेवलायस?"

तो डबा त्यांनी आपणहून मला द्यायला सांगितला, असं तेव्हा पहिल्यांदा घडलं.

पावसाळा संपता संपता सर गेले. दम्यानंच, दोन दिवसांत. डबा माझ्याकडेच होता.

ज्या घरात माणूस गेलेलं असतं, तिथे त्या वर्षी दिवाळीचा फराळ करत नाहीत. बाकीच्यांनी न्यायचा असतो. मी शंकरपाळे केले, घासूनपुसून कोरडा केलेला तो डबा भरला आणि फणसवाडीत गेले. आक्का एकट्याच होत्या. फळीवरचे डबे पुसून लावलेले होते, चित्रं सगळी समोर. खिळ्याला मलमलीचं फडकं वाळत होतं, अजून ओलं.

"तुझ्याकडेच होता होय," आक्का डबा घेत म्हणाल्या. शंकरपाळे परातीत ओतले. एक तोंडात टाकला, म्हणाल्या, "मोहन जरा कमी झालंय," आणि पदरानं डोळे टिपले.

आम्ही बराच वेळ बसलो. सरांविषयी फारसं बोललो नाही. कोळीणबाई हल्ली गल्लीत येत नाही, खालच्या बिऱ्हाडानं गॅलरी बंद करून घेतली, असं काही. उठताना आक्कांनी डबा हातात घेतला आणि थबकल्या.

"रिकामा कसा देऊ? आणि यंदा ह्या घरातलं शिजवलेलं द्यायचं नाही."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग खिळ्याचं फडकं काढलं, मांडीवर ठेवून चार घड्या घातल्या, डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं.

"मी आहे तोवर त्याचे डबे राहू देत फळीवर. मला सवय झालीय, संध्याकाळी एकेकाकडे बघते. त्याला सांगते आपली. माझ्यानंतर तू घेऊन जा सगळे."

मी डबा छातीशी धरून जिना उतरायला लागले. पहिल्या वळणावर पोचले असेन, तेवढ्यात वरून, कठड्यावरून वाकून, आक्कांनी हाक मारली.

"आणि ए! घासू नकोस हो!"